माझ्या पाठीवरची ओळ

मित्रांनो, एके काळी कोल्हापूरचे लोक माना वळवून माझ्याकडे बघायचे, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. मी एक जुनी रिक्षा आहे. शहाण्णव साली नागसेन यांनी मला घेतलं आणि नवरीसारखं नटवलं. लाल मखमली गादी, आरसे, छताला मोत्यांची झालर!

त्यांची लेक अक्षता कॉलेजात इंग्रजी शिकत होती. एका जुन्या इंग्रज कवीची ओळ तिची फार लाडकी. सुंदर वस्तूचा आनंद कधी सरत नाही, असं सांगणारी. तिने ती मराठीत आणून पेंटरकडून माझ्या पाठीवर लिहून घेतली. शाहूवाडीच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पावणं, झ्याक लिवलंय की! कुणाचं हाय?"

"माज्या पोरीचं!" नागसेन छाती फुगवून म्हणाले.

शेजारी उभी असलेली अक्षता हसली. "बाबा, त्यो कवी जाऊन लई वर्सं झाली."

"असू दे की! रंग अजून ओला वाटतोय."

पुढे रिक्षांची सौंदर्य स्पर्धा जाहीर झाली आणि नागसेन पार वेडावले. दिवसभर पुसणं, झाकणं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वळीव कोसळला. अक्षताचा शेवटच्या वर्षाचा पेपर होता. ती म्हणाली, "बाबा, सोडता का? उशीर व्हतोय."

"आगं, उद्या स्पर्धा हाय! चिखलाच्या पायानं गादीचा राडा व्हईल. बसनं जा की."

ती पावसातच स्टॉपकडे पळाली. बस उशिरा आली, पेपर अर्धाच लिहून झाला आणि नेमक्या इंग्रजीतच ती नापास झाली. मला मात्र पहिलं बक्षीस मिळालं. हारांखाली माझा जीव गुदमरत होता.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. सासर बिद्रीचं. पाठवणीसाठी नागसेन यांनी मला झेंडूने सजवलं, स्वतः बाजूचा पडदा सारून उभे राहिले. अक्षताने माझ्या पाठीवरची ओळ वाचली, तिच्यावरून हात फिरवला.

"नको बाबा. गादी खराब व्हईल," ती म्हणाली आणि सासरच्या जीपमध्ये जाऊन बसली.

आता माझं इंजिन थकलंय. आरसे फुटले, झालर गळाली. ओळ तेवढी अजून वाचता येते. येणारे-जाणारे थांबून वाचतात आणि हसून पुढे जातात. संध्याकाळी नागसेन येतात, चिखलाच्या चपलांसकट मागच्या गादीवर बसतात आणि शेजारची जागा हाताने पुसत राहतात.

मित्रांनो, सुंदर वस्तू जपा, पण आपल्या माणसांपासून जपू नका. ती ओळ खोटी नव्हती. माझ्या गादीवर अक्षताला बसायला जागा मिळाली नाही, एवढंच.