एकाच झाकणाखाली

मित्रांनो, स्वतः सांडायचं आणि भांड्याला नावं ठेवायची, ही आमच्या ऑफिसातल्या आमोदची रीत. मशीन जुनी झाली म्हणून बंद पडली, असं तो काल मॅनेजरसाहेबांना सांगत होता. मी जुनी आहे, बहिरी नाही.

मी खराडीतल्या एका ऑफिसातली जुनी सर्व्हर मशीन आहे. शिक्षण म्हणाल तर शून्य आणि एक. तेवढ्यावर संसार केला. आले तेव्हा मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तेव्हा मला सांभाळणाऱ्या उल्काताईंनी माझ्यात हायपरवायझर नावाचा कारभारी बसवला. त्यानं माझ्या एका अंगात चार आभासी मशीनी थाटल्या, प्रत्येकीची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. उल्काताई म्हणायच्या, या लोणच्याच्या बरण्या. जागा खातात, पण प्रत्येकीला आपलं झाकण. एकदा एक बरणी बिघडली, तर बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. त्यांतल्याच एका बरणीत लोणी काळभोरच्या रक्तपेढीची नोंद होती, कुठली पिशवी कुठल्या कप्प्यात त्याची.

उल्काताई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी आमोद आला. त्याला बरण्या जड वाटल्या. त्यानं कारभाऱ्याला काढलं, एकच ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि तिच्यावर सगळ्यांचे कंटेनर मांडले. म्हणजे मिसळणाचा डबा. वाट्या वेगळ्या, झाकण एक. खोटं कशाला बोलू, अंग हलकं झालं. ढीगभर वाट्या मावल्या, क्षणात उघडू लागल्या. कौतुक झालं, मीही फुगले.

पण रक्तपेढीच्या शेजारच्या वाटीत त्यानं लग्नाचे फोटो सजवणारा, कुणाकडून तरी आणलेला प्रोग्रॅम ठेवला. परवा दुपारी त्या प्रोग्रॅमनं सगळ्यांच्या सामाईक ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभाच गोठवला. झाकणाखाली पाणी शिरलं. सगळ्या वाट्या एकदम गेल्या.

रक्तपेढीच्या कौशल्याबाईंचा फोन आला. "साहेब, बाळंतीण टेबलावर हाय. ओ निगेटिव्ह कुठल्या कप्प्यात हाय तेवढं सांगा, तुमचं इंग्रजी मागनं ऐकते."

मी पुन्हा सुरू होईपर्यंत आमोद नुसता "दोन मिनिटं" म्हणत राहिला. शेवटी कौशल्याबाईंनी फ्रिज उघडून एकेक पिशवी हातानं पाहिली. रक्त मिळालं, बाळंतीण वाचली. पण आणखी थोडा उशीर झाला असता तर, हे काही केल्या मनातून जात नाही.

आता नवी मशीन येणार आहे. तिच्यातही हाच डबा, ह्याच वाट्या, असं आमोदनं ठरवलंय. आज तो माझ्या वायरी काढायला वाकला. माझा पंखा घरघरला, आणि त्या घरघरीतच मी त्याला सुनावलं:

"आमोद, मिसळणाचा डबा वाईट नाही रे. आपल्या घरची मोहरी-हळद ठेव खुशाल. पण परक्या घरचं ओलं आणून त्यात ठेवायचं नसतं, आणि कुणाच्या जिवाचं तर त्याच्या शेजारी नाहीच नाही. मला टाक भंगारात. आधी रक्तपेढीला तिची बरणी परत दे."