सीमाच्या हातची फ्लॉपी

मी फ्लॉपी बोलतेय. काळी, चौकोनी, तळहातात मावणारी. श्रीगोंद्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठ्याण्णव साली सीमानं मला घडवलं. त्याआधी मी नुसती कोरी होते. तिनं माझ्यात कॉम्प्युटर चालू करणाऱ्या फाइली भरल्या आणि वर निळ्या शाईनं स्वतःचं नाव घातलं. बंद पडलेला कॉम्प्युटर माझ्या जोरावर उठायचा, मग त्यात नवं विंडोज घालता यायचं.

सीमा तीन वर्षं तात्पुरती ऑपरेटर होती, जूनमध्ये कायम व्हायची होती. तिचे वडील कचरू तिथंच शिपाई. रोज सकाळी लेकीचं टेबल ते जरा जास्तच वेळ पुसायचे.

हेडक्लार्क सहादेवभाऊंना ती जागा जावयासाठी हवी होती. मे महिन्यात ते गोड बोलून म्हणाले, मलाही कॉम्प्युटर शिकव. सीमानं आठवडाभर शिकवलं. मला कुठं सरकवायचं, काय टाइप करायचं. एक हुकूम मात्र चुकूनही देऊ नका, सगळी डिस्क पुसली जाते, असं तिनं बजावलं. भाऊंनी तेवढंच कागदावर टिपून घेतलं.

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर त्यांनी कचरूंकडून दार उघडून घेतलं. मला आत सरकवलं आणि तोच हुकूम दिला. मी पडद्यावर विचारलं, सगळं जाईल, पुसायचं का? त्यांनी चष्मा सारखा केला आणि होकाराचं बटण दाबलं. बाराशे पोरांचे प्रवेश, मार्क, सगळं मी पुसून टाकलं. मला नाही म्हणता येत नाही.

सोमवारी प्राचार्यांनी मला कॉम्प्युटरमधून काढून सीमासमोर ठेवलं.

"ही तुझीच ना?"

"माझीच आहे सर, पण शनिवारी मी इथं..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. तिनं वडलांकडं पाहिलं. "आबा, तुमी तरी सांगा."

कचरूंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी फडकं उचललं आणि टेबल पुसायला घेतलं.

"कचरू, हिला फाटकापर्यंत सोडून ये," भाऊ म्हणाले.

"चल," कचरू लेकीला म्हणाले. फाटक लावून आले आणि तास संपल्याची घंटा दिली.

दिवाळीनंतर सीमाच्या जागेवर बसलेल्या जावयाचा कॉम्प्युटर अडला. माझ्यानंही तो उठेना. भाऊंनी मला कचरूंच्या खिशात घातलं, लेकीकडून नीट करून आण म्हणाले. सीमा कांदा खुरपून नुकतीच आली होती. कचरूंनी मला तिच्यापुढं धरलं.

"एवढं बघून दे. मला तिथं दिवस काढायचे हायेत."

तिनं मला हातही लावला नाही. "त्यांना सांगा, सीमाला यातलं काय येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी कचरूंनी सगळ्यांसमोर तसंच सांगितलं. भाऊ हसले. "मी तवाच म्हणलो हुतो, तिच्याच हातनं पुसलं गेलं." कचरूंनीही मान डोलावली.

आता मी टाचण्यांच्या डब्यात पडून आहे. माझा पत्रा वाकलाय, आतलं काही वाचता येत नाही. कुणाच्या हाती लागलेच तर मला खुशाल मोडा. पुन्हा भरू मात्र नका. जे सांगाल ते मी करते, आणि नाव दुसऱ्याचंच येतं.