सातव्या कड्यातला आकडा

तुम्ही चोर आहात.

विनतानं पत्राची सुरुवातच अशी केली, आणि पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं. वरची मायन्याची जागा तिनं कोरी ठेवली. 'आदरणीय सर' लिहायला हात धजेना. आदर कसला? तिनं आपलं टिपण पाठवलं तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, याच नामवंत खगोलशास्त्रज्ञानं तिला फोनवर सुनावलं होतं, "मॅडम, हा उपकरणाचा दोष आहे. तुम्ही शिकवता ना? मग शिकवा." आज त्याच दोषावर त्याचा बारा पानी शोधनिबंध छापून आला होता. विनताचं नाव त्यात तळटिपेतही नव्हतं.

विश्वाचा सगळ्यात जुना उजेड अजूनही चहूबाजूंनी येतो. आता पार गारठलेला, पण सगळीकडे जवळपास सारखाच. एका अंशाचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही इकडे, काही तिकडे, एवढाच फरक. यमुना नावाच्या तारकासमूहाकडे मात्र एक डाग आहे, नको तेवढा थंड. डाग जगाला ठाऊक होता. त्याच्याभोवती एकाबाहेर एक गोल कडी आखली तर तो बाहेरच्या बाजूला विरत जातो आणि सातव्या कड्यात पुन्हा गार होतो, हे विनताला सापडलं होतं. उपग्रहाचा नकाशा सगळ्यांना खुला. तिनं कॉलेज सांभाळून सहा वर्षं त्यावर घासली.

हातानं उतरवल्याशिवाय आकडा तिला आपला वाटायचा नाही. तिचे वडील भय्यासाहेब, निवृत्त गणित मास्तर, कॉम्प्युटरवरून वाचायचे आणि ती वहीत लिहायची. "नर्मदेकाठी बसून यमुनेचा गारवा मोजून राहिली माझी पोरगी," असं ते अख्ख्या घमापुर मोहल्ल्यात सांगत फिरायचे.

फाटक वाजलं. भय्यासाहेब आत आले. हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा.

"आज काहून जलेबी, बाबा?"

"असंच. गरम आहे तोवर खा."

"सरांनी माझं काम चोरलं."

भय्यासाहेब खुर्चीवर टेकले आणि पुड्याची दोरी सोडू लागले.

"असं कसं म्हणते? त्यांनी स्वतः मोजलं असेल. नकाशा काय आपल्या घरचा आहे? आणि एवढा मोठा माणूस. साबित कसं करशील?"

तिनं निबंधातला तक्ता कॉम्प्युटरवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. सहा कडी जुळली. जुळणारच, बरोबर मोजलं तर कोणाचीही जुळतील. सातव्यात तिचा आकडा एकोणसाठ होता. निबंधात छापलं होतं एकसष्ट.

तिनं वही काढली. सातव्या ओळीत तिच्याच अक्षरात एकसष्ट.

तिला हसूच फुटलं. हिंदी शाळेतली पोर ती. बाबा 'एकोणसाठ' म्हणाले की तिला हिंदीतलं 'इकसठ' ऐकू यायचं आणि हात एकसष्ट लिहून मोकळा व्हायचा. लहानपणी याच्यावरून किती वेळा कान पिळले गेले होते, "अगं, साठाला एक कमी! एक जास्त नाही!" ही चूक दिल्लीत होत नाही, पुण्यात होत नाही. ती याच टेबलावर होते.

"पकडला, बाबा! माझी चूकसुद्धा उचलली गाढवानं. त्यानं स्वतः मोजलं असतं तर एकोणसाठच..."

ती मध्येच थांबली.

सरांना तिनं दोन पानांचं टिपण पाठवलं होतं. त्यात एकही आकडा नव्हता. कॉम्प्युटरात एकोणसाठ होतं. एकसष्ट फक्त वहीत होतं, आणि वही या घराबाहेर कधी गेली नव्हती.

भय्यासाहेब अजून दोरीशीच खेळत होते. गाठ केव्हाच सुटली होती.

"वहीत काय आहे ते कोणाला दाखवलं, बाबा?"

"चलो, आधी खाऊन घे. थंडी होऊन राहिली."

"बाबा."

"फोन आला होता त्यांचा. घरच्या नंबरवर." ते पुड्याकडेच बघत होते. "मला बाबूजी म्हणाले. जरा आकडे पाहू द्या म्हणाले. मी फोटो पाठवले."

"कधी?"

"झालं असेल वर्ष." मग एकदम आवाज चढवून, "तुझ्या नावानं कोण छापून राहिलं होतं, विनू? इथल्या कॉलेजातली बाई तू. काम तर वर आलं! आलं की नाही?"

म्हणजे जलेबी निबंध छापून आल्याची होती.

विनतानं पुडा बाजूला सारला आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. भोक पडलेली ओळ त्यांनी वाचली: तुम्ही चोर आहात. बाबांनाही ती तुम्हीच म्हणायची. ते खिशात चष्मा चाचपू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

तिनं वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं नाव कोणाचं घालू?"

"विनू..."

"मास्तर आहात ना तुम्ही? मग उत्तर द्या. कोणाचं घालू?"