टिकटिक मोजू नये

कंपनी इन्सुलिनची पेनं बनवत असे, आणि त्या पेनांविषयी ज्यांना काही म्हणायचे असे त्यांचे ऐकून घेण्यासाठी तिने तिसऱ्या मजल्यावर, मालाच्या लिफ्टशेजारी, एक खोली राखून ठेवली होती. खोलीत बसणाऱ्या गृहस्थाला सगळे मास्तर म्हणत. त्याने आयुष्यात एकाही मुलाला शिकवलेले नव्हते. पण आलेल्या पत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून मगच तो पत्र फाइलला लावी, त्यावरून हे नाव पडले. भाषेची पदवी, दांडगे वाचन, सुबक अक्षर. एवढे सगळे असलेला माणूस दिलगिरीचे एकच वाक्य अकरा प्रकारे लिहू शकतो, आणि कंपनीला तेवढेच हवे होते.

तक्रारींना दोन कप्पे होते. 'मात्रेतील चूक' हा पहिला. त्यात एका महिन्यात वीस पत्रे जमली की पेनाची रचना करणाऱ्यांना बैठक बोलवावीच लागे. नियम कंपनीचाच होता. दुसरा कप्पा 'सूचनेविरुद्ध वापर'. त्यातली पत्रे मोजली जात नसत, त्यांना फक्त उत्तर जाई. मास्तरच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्या कप्प्यात महिन्याला चारांहून अधिक पत्रे कधी साचली नाहीत. हे असे कर, असे त्याला कुणी सांगितले नव्हते. सांगावे लागू नये इतका तो सुशिक्षित होता.

पेनाची कथा अशी. मागची चकती फिरवली की एकेका युनिटला एकेक टिक वाजे आणि छोट्या खिडकीत राखाडी आकडा दिसे. ज्यांना तो आकडा दिसत नसे, आणि साखरेच्या आजारात नजर जाणे काही नवलाचे नाही, ते टिकटिक मोजत. पण चकती चुकून जास्त फिरली आणि मागे घेतली, तरी टिक तशीच वाजे. पुढे गेलो की मागे आलो, हे कानाला कळायला मार्ग नव्हता. कंपनीला हे ठाऊक होते. म्हणूनच माहितीपत्रकाच्या नवव्या पानावर तिने छापले होते, 'टिकटिक मोजून मात्रा ठरवू नये.' हे वाक्य मास्तरला फार आवडे. पाच शब्दांत कंपनी मोकळी होई.

मग एका सोमवारी चौकोनी रेघांच्या कागदावरचे एक पत्र आले. मापे लिहिण्याच्या वहीतला कागद होता आणि अक्षर ताईचे होते.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, शिवणकाम करणारी. आई गेल्यापासून तिने त्याला वाढवले, तिच्याच मशीनच्या खडखडाटात त्याने परीक्षांचा अभ्यास केला, आणि अजूनही तो तिच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहत होता. महिन्यापूर्वी तिच्या कपाळावर टेंगूळ आले होते. मशीनवर डोळा लागला, डोके आपटले, असे तिने सांगितले होते. पत्रात वेगळे होते. चौदा युनिटं घ्यायची, मोजता मोजता पुढे गेली, मागे आली, पुन्हा मोजले, गेली बावीस. दुपारी हातपाय कापायला लागले आणि ती कापण्याच्या टेबलाखाली पडली. 'कात्री हातात होती,' एवढे लिहून तिने पुढचे वाक्य खोडले होते.

नात्यातल्या माणसाची तक्रार विभागप्रमुख बाईंकडे द्यावी, असा नियम होता. पण बाईंनी एक पत्र नीट वाचले असते तर शेजारचीही वाचली असती. मास्तरने लाल पेन काढून ताईच्या तीन वेलांट्या दुरुस्त केल्या, पत्र दुसऱ्या कप्प्यात लावले, आणि उत्तर लिहिले. उत्तर चांगले उतरले.

आठ दिवसांनी ताईने ते त्याच्या ताटाशेजारी ठेवले.

"तुझ्या कंपनीचं पत्र आलंय. वाच."

"मला का नाही सांगितलंस आधी?" हे विचारताना त्याने आवाज किंचित दुखावलेला ठेवला. जमले.

"तुझी नोकरी तिथं. बहीण कुरकुर करते म्हणून तुला कुणी बोललं असतं तर?" ताईने सुईदोरा ओवायला त्याच्यापुढे धरला, ते काम आता त्याचे होते. "पण लिहिणारा हुशार आहे हं. चूक माझीच म्हणतो, पण इतकं गोड म्हणतो की मीच उलट त्याची माफी मागावी. ओळखतोस का?"

"मोठं ऑफिस आहे, ताई."

मोठ्या ऑफिसातल्या त्या खोलीत खुर्ची एकच होती. दोरा तिसऱ्या प्रयत्नात ओवला गेला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "पत्रक वाचायला पाहिजे होतं. नववं पान." ते पान वाचायला तिला किती मोठे भिंग लागले असते, याचा हिशेब दोघांनीही केला नाही.

प्रकरण तिथेच मिटायचे. पण पुढच्या महिन्यात ताई दवाखान्यातून आली ती चप्पल न काढता थेट मागच्या खोलीत.

"पलीकडच्या गल्लीतली इस्त्रीवाली माहितीये? तिलाही पत्र आलंय. शब्दन् शब्द तेच. 'आपल्या आरोग्याची आम्हांस मनापासून काळजी आहे.' बिचारी चार महिने समजत होती, अक्कल फक्त तिलाच नाही. मी समजत होते, फक्त मला नाही." ती खाटेवर बसली. "किती जणांनी लिहिलं म्हणजे तुझी माणसं ऐकतात रे?"

इथे मास्तर खरे बोलला. पूर्ण खरे नव्हे. स्वतःला लागणार नाही एवढे.

"वीस. एकाच महिन्यात. आणि टिकटिक मोजली असं पहिल्या ओळीत लिहायचं नाही. मात्रा चुकली, हे आधी. किती हवी होती, किती गेली, पुढं काय झालं, पेनावरचा नंबर. टिकटिक शेवटी. आणि एक प्रत सरकारी औषध कार्यालयाला."

"तुला बरं सगळं तोंडपाठ."

"कामच आहे माझं."

त्या दिवशी त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. बंद दाराआड, बहिणीच्या कानात केलेल्या बंडाला किती धैर्य लागते, हे त्याच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला कळायला हवे होते.

ताईने दवाखान्याच्या बाकावर दुकान मांडले. जो येईल त्याला विचारायचे, "तुम्ही बघून घेता की ऐकून?" ऐकून घेणारे आधी इकडेतिकडे बघत, मग हळूच सांगत. एक निवृत्त टपालवाला तर म्हणाला, "बाई, मला वाटलं हा माझाच चोरटेपणा." महिनाअखेर कंपनीत तेवीस पत्रे आली. मास्तरने ती पहिल्या कप्प्यात लावली. सरकारी कार्यालयाकडे प्रती गेलेल्या असताना दुसरा कप्पा वापरणे धोक्याचे होते, ही गोष्ट त्याच्या सदसद्विवेकाला फार उपयोगी पडली.

बैठक झाली. रचनाकार, म्हणजे तीन तरुण, तिघांचीही नजर उत्तम, नमुन्याची पेनं घेऊन दवाखान्यात आले. ताईने डोळे मिटून पहिले पेन फिरवले आणि परत दिले. "मागं येताना वेगळं वाजतं म्हणता, पण मशीन चालू असताना मला दोन्ही सारखंच." दुसऱ्यालाही तिने नाक मुरडले. "हे वाजतं, पण बोटाला काही कळत नाही. टपालवाल्याला ऐकूही कमी येतं, त्यानं काय करायचं?" तिसऱ्यात चकती मागे घेताना बोटाखाली खरखर लागे आणि आवाजही घोगरा होई, आकडे काळे आणि दुप्पट मोठे. ते पेन बाकावरून हातोहात फिरले. कंपनीने तेच काढायचे ठरवले.

आणि तक्रारींतला धागा वेळीच ओळखल्याबद्दल मास्तरचे अभिनंदन झाले. बाईंनी सर्वांसमोर हात मिळवला. ताईला हे कळल्यावर तिने अख्ख्या बाकाला सांगितले, "आमच्या घरातलाच आहे तो." इस्त्रीवाली त्याच्या शर्टाची घडी करून देताना म्हणाली, "तुमच्यासारखं आतलं माणूस पाहिजे, दादा." शर्ट घेताना त्याला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. तिचे पत्र त्याला आठवत होते. त्यात सात चुका होत्या.

रविवारी सकाळी त्याने ताईला सांगितले. ती शिलाई उसवत होती.

"ते उत्तर मी लिहिलं होतं. तुला."

ब्लेड थांबले. "माझं अक्षर ओळखूनही?"

"हो."

ती रडली असती किंवा हात उगारला असता तर त्याला बरे वाटले असते. त्या तयारीने तो बसला होता. तिने ब्लेड बाजूला ठेवले.

"आणि माझ्या आधी? असे किती?"

"एकेचाळीस."

"त्यांचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही. बंद केलेल्या तक्रारीचं पुढं विचारत नाहीत."

"कोण विचारत नाही?"

त्याच्याजवळ अकरा वाक्ये होती. "मी," तो म्हणाला.

"नवीन पेन येईल तेव्हा येईल," ताई म्हणाली. "ही एकेचाळीस माणसं आजही स्वतःला मूर्ख समजत बसली असतील. मला माहितीये ते कसं असतं. उद्या बाईंना सांग. आणि यांना एकेकाला फोन कर. पत्र नको. तू पत्र फार छान लिहितोस."

सोमवारी त्याने बाईंना सांगितले. त्यांनी दार लावून घेतले आणि विचारले, हे लेखी असायलाच हवे का? हवे, असे तो म्हणाला, आणि खोलीत येऊन पहिली फाइल काढली. पाच वर्षांपूर्वीची. एका बाईने आपल्या आईबद्दल लिहिले होते. फोन मुलीनेच उचलला.

"पेनवाल्या कंपनीतून बोलतोय. तुमच्या आईंच्या तक्रारीबद्दल."

"अहो, ते मिटलं ना तेव्हाच," मुलगी घाईने, जवळजवळ ओशाळून म्हणाली. "तुमचं उत्तर आलं होतं. आईचीच चूक होती. आम्ही खूप बोललो तिला त्यावरून. आता पेनाला हातच लावू देत नाही, मीच टोचते सकाळ-संध्याकाळ. पाच वर्षं झाली, ती कुठं गावाला म्हणून गेली नाही."

मास्तरने पलीकडच्या भिंतीकडे पाहिले. "त्यांची चूक नव्हती," तो म्हणाला. "पेनाची होती. आणि उत्तर लिहिणाऱ्याची. ते मी लिहिलं होतं."

मग मुलगी म्हणाली, "हे मला नका सांगू. तिलाच सांगा." आणि दूर होत जाणाऱ्या आवाजात, "आई, अगं त्या पेनवाल्यांचा फोन आहे. तुला बोलावतायत."

पावले संथ होती. रिसीव्हर दोन हातांनी धरल्याचा खसखस आवाज झाला, आणि एका म्हाताऱ्या बाईने, श्वास सावरत, अगदी अदबीने विचारले:

"माझं परत काही चुकलं का हो?"