तिसऱ्या इंजेक्शननंतर

डॉ. तेजस्वींनी सुई काढली आणि दंडावर कापूस दाबला. गोदाने आजही तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"झालं, गोदाताई. या महिन्यात किती वेळा धाप लागली?"

"एकदापण नाय."

डॉक्टर खूश झाल्या. पहिल्या वेळी त्यांनीच तिला समजावलं होतं, की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. गोदाच्या छातीत धुळीचा कण गेला, तरी हे निरोपे बोभाटा करत सुटत. पेशींची झुंबड उडे, श्वासनळ्या सुजत. हे इंजेक्शन त्यांच्यातल्या एकाला वाटेतच अडवतं.

रत्नागिरीहून एसटीने ती मालगुंडला उतरली आणि चढण एका दमात चढली. पूर्वी अर्ध्यावर दगडी गडग्याला टेकून बसावं लागे. तिची धाप ऐकून तिथल्याच घरातली लवूची बायको पाणी घेऊन यायची, पाठीवरून हात फिरवायची, मग दोघींच्या गप्पा रंगायच्या. आज लवूच्या घराचं दार उघडं होतं. कुणी बाहेर आलं नाही. यायचं कारणच नव्हतं.

तिच्या मुलाचं, गौरवचंही तसंच. दमा जोरात होता तेव्हा मुंबईहून त्याचा रोज फोन यायचा. दोनदा तर तो कामावर खाडा करून धावत आला होता; उशाशी बसून तिची छाती शेकली होती. दुसऱ्या इंजेक्शननंतर फोन चार दिवसांनी येऊ लागला, मग आठवड्याने. पोराचा तरी काय दोष?

दिवेलागणीला फोन वाजला.

"आये, तिसरं इंजेक्शन झालं ना? दम कसा आहे?"

गोदाने तोंड उघडलं आणि श्वास घशात घासून आत ओढला. हुबेहूब पूर्वीसारखा.

"आये? काय होतंय? निघू का मी?"

त्याचा आवाज एवढा घाबरा झाला, की तिने पदराने तोंड दाबलं. मग हात खाली घेतला.

"नाय रे. दम बरा हाय. एकदम बरा."

"मग आत्ता...?"

"बरा हाय म्हणते ना." ती थांबली. पुढचे शब्द तिने त्याला कधीच म्हटले नव्हते.

"तरी ये."

पलीकडे गौरवने फोन ठेवला नाही. गोदा अंधारत्या पडवीत बसून त्याचा श्वास ऐकत राहिली.