मोकळा माणूस

"हे काय झालंय हाताला?"

"काही नाही बाबा. कपाटावर आपटला." सिद्धेशने बाही खाली ओढली आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

श्यामकांतांनी चहाचा घोट घेतला. कपाट माणसाला एका जागी लागतं. मनगटापासून कोपरापर्यंत जागोजागी काळंनिळं व्हायचं, तर कपाटाने त्याचा पाठलाग करायला हवा. सगळी नोकरी जकात नाक्यावर काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिल्या प्रश्नाला जे मिळतं ते उत्तर नसतं, ती ताडपत्री असते. माल तिच्याखाली.

ताडपत्रीखाली त्यांनी काय काय पाहिलं नव्हतं! कांद्याच्या पोत्यांखाली शिलाई मशिनं, नारळांखाली साड्या, आणि एकदा तर नवरीच्या रुखवतात लपवलेले फटाके. पुढे जकातच बंद झाली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. श्यामकांत तोवर निवृत्त झाले होते, तरी तो पेढा त्यांच्या घशाखाली उतरला नाही. नाका गेला, पण डोळे नाक्यावरचेच राहिले.

आता ते डोळे जर्मनीत, वाल्डॉर्फमध्ये आले होते. सिद्धेश तिथल्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, सून क्षितिजा हायडेलबर्गला प्रयोगशाळेत जायची आणि नात शमिका नुकतीच पहिलीत गेली होती. दोन वर्षांपूर्वी पत्नी प्रभाताई वारल्यापासून मुलगा या, या म्हणत होता. शेवटी दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात श्यामकांत आले. घर छान, रस्ते स्वच्छ, सून बोलायला गोड. एकच तक्रार होती. मुलाने घेऊन दिलेल्या नाडीच्या बुटांचा त्यांना मनापासून कंटाळा. नाड्या एकदाच ढिल्या बांधून ठेवायच्या आणि चपलेसारखे पाय सरकवायचे, असा त्यांनी तोडगा काढला होता.

"अहो बाबा, नाड्या नीट बांधा ना. पडाल कुठेतरी," क्षितिजा रोज म्हणायची.

"चाळीस वर्षं चपलेत गेली. आता पायांना काय शिकवतेस?"

तर, कुठेतरी पाणी मुरत होतं. दर शनिवारी सिद्धेश सकाळीच गाडी घेऊन जायचा. 'फेराइनचं काम' म्हणायचा. फेराइन म्हणजे मंडळ, एवढं श्यामकांतांना समजलं होतं. पण मंडळाच्या कामाहून माणूस धुराच्या वासाने माखून येतो? आल्या आल्या आपले कपडे स्वतः मशिनला लावतो? लहानपणी ज्याने कधी स्वतःचा टॉवेल वाळत घातला नाही, तो?

पहिला संशय सुनेवर गेला. बागेतली गोगलगायही ती पानावर उचलून बाजूला ठेवते, हे पाहिल्यावर तो मागे घ्यावा लागला. मग जुगार, मग एखादा बुवा, मग दुसरी बाई. बाईने इतकं मारलं नसतं, म्हणून तीही बाद.

आणि मग हीटरवाला आला. थंडीआधी घरोघरी हायझुंग, म्हणजे हीटर तपासतात, त्यासाठी आलेला, उंच, पांढऱ्या मिशांचा, निळ्या डगल्यातला माणूस. सिद्धेशने दार उघडलं, छातीवर हात ठेवला आणि चक्क मान लववली. "हेर ग्राफ!"

हीटरवाला मोठ्याने हसला आणि सिद्धेशच्या खांद्यावर थाप मारून आत आला.

श्यामकांत स्वयंपाकघरात गेले. "ग्राफ म्हणजे काय गं?"

क्षितिजा कणीक मळत होती. तिचे हात क्षणभर थांबले. "आडनाव असेल त्यांचं."

डगल्यावर आडनाव शिवलेलं होतं, आल्टमान. श्यामकांतांना जर्मन येत नसलं तरी एबीसीडी येत होती. म्हणजे सूनही सामील.

आता उरली नात. शमिकाला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. शुक्रवारी शाळेतून आणताना त्यांनी तिला वाटेत आइस्क्रीम घेऊन दिलं. "शनिवारी पप्पा कुठे जातो गं?"

"आउफ दी बुर्ग," शमिका म्हणाली. आइस्क्रीम चाटत तिने पुढे सहज सांगून टाकलं, "पापा इस्ट आइन क्नेष्ट."

घरी येऊन त्यांनी तो शब्द सुनेपुढे ठेवला. या वेळी ताडपत्री टाकायला तिला उसंत मिळाली नाही. "क्नेष्ट म्हणजे... गडी, बाबा. जुन्या काळातला, वेठीचा. पण तुम्ही सिद्धेशशीच बोला ना."

श्यामकांतांनी खिळ्यावरची तळघराची किल्ली घेतली.

सिद्धेश ऑफिसातून आला तेव्हा वडील तळघरात, सायकल आणि रिकाम्या खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसले होते. मांडीवर लोखंडी कड्यांचा जडशीळ सदरा होता, मेथी निवडायला घेतल्यासारखा. पायाशी पोचे पडलेलं शिरस्त्राण होतं.

"हे काय आहे?"

"चिलखत."

"दिसतंय ते. कुणाचं?"

"माझं." सिद्धेश खोक्यावर बसला. "हौस आहे, बाबा. तीन वर्षं झाली. पलीकडच्या डोंगरावर एक बुर्ग, म्हणजे पडका किल्ला आहे. तिथे आम्ही तेराव्या शतकातलं जगून बघतो. तंबू, चुली, ढाल-भाले. बटाटासुद्धा चालत नाही, कारण तेव्हा इकडे बटाटा नव्हता."

"आणि तो हीटरवाला?"

"आल्झो... तर, तो आमचा ग्राफ. म्हणजे उमराव. सगळी जमीन त्याची."

"आणि तू गडी."

सिद्धेशने शिरस्त्राण उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "नवा आलेला प्रत्येक जण गडीच असतो. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, लढाईत पुढच्या रांगेत उभं राहायचं."

"पुढच्या का?"

"मागे सरदार असतात ना."

"म्हणजे मार खायला गडी." श्यामकांतांनी सदरा बाजूला ठेवला. नाक्यावरचा आवाज त्यांना आपोआप लागला. "तुझ्यानंतर कुणी आलं नाही मंडळात?"

"आलेत ना."

"ते काय आहेत?"

"लुकास घोड्यावर असतो. पण त्याचा स्वतःचा घोडा आहे."

"शिलेदार. आपल्याकडेही तेच होतं. घोडा स्वतःचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसला तो बारगीर. बाकीचे?"

"तेही वर गेले."

"आणि तू तीन वर्षं पाणी भरतोस. आरशात कधी रंग बघितलास स्वतःचा?"

सिद्धेशचा चेहरा उतरला. "तुम्ही हेच म्हणणार, मला माहीत होतं. म्हणून सांगितलं नाही. गडी म्हणून तुम्हाला दिसायचंच नव्हतं मला. वर जायचं तर शपथ घ्यावी लागते, आणि शपथेला रक्ताचं वडीलधारं माणूस लागतं. त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, हा मोकळा माणूस आहे, कुणाच्या वेठीला नाही. लुकासचा बाप मानहाइमहून आला. माझं इथे कोण आहे? तुम्ही आणि आई येणार होतात, ते राहूनच गेलं." त्याने मान वर केली. "उद्या शपथ आहे. याल?"

"शपथ म्हणजे करायचं काय?"

"गुडघ्यांवर बसायचं. हात जोडून ग्राफच्या हातात द्यायचे."

"नाही."

"बाबा, ऐका तरी..."

"हीटरवाल्यापुढे गुडघे टेकणार? माझा मुलगा? नाही म्हणजे नाही."

"पण गड्याला गुडघे टेकायला बोलावतच नाहीत!" सिद्धेशचा आवाज चढला. "तो जमिनीबरोबर येतो, बैल येतो तसा. त्याला कोण विचारतंय? शपथ मोकळ्या माणसाचीच. ज्याचे हात त्याचे स्वतःचे, तोच ते दुसऱ्याच्या हातात देऊ शकतो."

श्यामकांतांनी मुलाच्या हातांकडे पाहिलं. त्यांना वडील आठवले होते. आबा. गावात इनामदारांच्या दारावरून जाताना आबा पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे. दार ओलांडलं, वळण आलं, की पुन्हा घालायचे. वेठ बंद झाली, इनामं गेली, खुद्द इनामदार बिऱ्हाड घेऊन पुण्याला गेले, दाराला कुलूप लागलं. तरी आबांच्या वहाणा हातात. "आबा, आत कुणी नाहीये," लहानग्या श्यामकांतने एकदा म्हटलं होतं. "नसू दे," आबा म्हणाले होते. मुजऱ्यालासुद्धा आबांना कधी कुणी पुढे बोलावलं नाही. नाक्यावरची खुर्ची श्यामकांतांना जीव की प्राण होती ती त्यामुळेच. तिथे समोरचा थांबायचा. यातलं अक्षरही त्यांनी सिद्धेशला कधी सांगितलं नव्हतं. लाज कुणाची वाटते, आबांची की स्वतःची, हेच त्यांना उभ्या जन्मात ठरवता आलं नव्हतं.

शनिवारी ते सगळ्यांबरोबर गाडीत बसले. "साक्षीबिक्षीचं मला सांगू नकोस. नजर ठेवायला येतोय," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

किल्ल्यावर जत्रा भरली होती. शेकोट्या, गवताच्या गंज्या, दोरीला बांधलेल्या शेळ्या, जाड लोकरीतली माणसं. श्यामकांतांनी पहिलं काम केलं ते पाणी कोण भरतंय हे बघण्याचं. खांद्यावर कावड घेऊन एक गोरापान दाढीवाला विहिरीकडे चालला होता. क्षितिजा म्हणाली, "ते दातांचे डॉक्टर आहेत. आमचेच." शेण काढणारी बाई पोस्टात होती. श्यामकांतांना थोडं बरं वाटलं, पण थोडंच. तपासणीच्या दिवशी सगळेच नाके स्वच्छ असतात.

मग शिंग वाजलं आणि लढाई सुरू झाली. भालेवाल्या गड्यांची रांग पुढे सरकली, तिच्यात तांबूस सदऱ्यातला सिद्धेश. समोरून ढाली आल्या, पाठोपाठ लुकासचा घोडा. लाकडावर लाकूड कडाडलं आणि सिद्धेश आडवा झाला. नियम असा, की पडलेल्याने पुन्हा शिंग वाजेपर्यंत मेल्यासारखं पडून राहायचं. श्यामकांत बाकावरून उठून उभे राहिले होते. सरदार एकही पडला नव्हता. शेजारी शमिका आनंदाने टाळ्या वाजवत होती.

"हे रोज असंच मरतात?" त्यांनी क्षितिजाला विचारलं.

"दर शनिवारी," ती म्हणाली. "पण आजचा शेवटचा. म्हणजे, तुम्ही आत गेलात तर." तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. "तीन वर्षं थांबलाय हो बाबा. मंडळवाले म्हणाले होते, दुसरं कुणी चालेल. तो नाही म्हणाला."

श्यामकांतांनी हे उत्तर उलटसुलट करून पाहिलं. त्याच्याखाली काही सापडेना.

शिंग वाजलं. सिद्धेश उठला, अंगावरचं गवत झटकत त्याने गर्दीत वडिलांना शोधलं, आणि मग मान खाली घालून इतरांबरोबर दिवाणखान्याकडे निघाला. बोलावलं मात्र नाही. श्यामकांतांनी शमिकाचा हात क्षितिजाकडे दिला. मग त्याच्या मागोमाग चालू लागले.

दिवाणखान्याला छप्पर नव्हतं, चार दगडी भिंती तेवढ्या उरल्या होत्या. दारात भालदार. आत फरशीवर पेंढा पसरलेला, दोन्ही बाजूंना माणसं आणि टोकाला चार पायऱ्यांचा ओटा. ओट्यावर उंच पाठीच्या खुर्चीत आल्टमान बसला होता. डगला निळाच, पण आता मखमली, आणि खांद्यावर कातडं. तो अजिबात हसत नव्हता. सिद्धेशचं नाव पुकारलं गेलं. तो पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि जोडलेले हात त्याने पुढे केले. आल्टमानने ते हातात घेतले नाहीत. आधी साक्ष हवी होती. त्याचे पंजे दोन बाजूंना उघडे राहिले आणि त्याने सभेवरून नजर फिरवली.

श्यामकांत पुढे निघाले. पेंढ्यातून चालत ते मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले.

आल्टमानने विचारलं, "इस्ट डीझर मान फ्राय?"

हा माणूस मोकळा आहे का? उत्तर वाटेत गाडीत सिद्धेशने दोनदा म्हणून दाखवलं होतं, न ऐकल्यासारखं करूनही श्यामकांतांच्या लक्षात राहिलं होतं. एर इस्ट फ्राय. तो मोकळा आहे. त्यांनी तोंड उघडलं. पण सिद्धेश मागे वळून त्यांच्या पायांकडे बघत होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "बूट का काढलेत?"

श्यामकांतांनी खाली पाहिलं. पेंढ्यात मोजे. बूट डाव्या हातात, दोन्ही, टाचेकडून धरलेले, शरीराला लागून, कुणाला दिसू नयेत असे. दारातच काढले असणार. कधी, ते आठवेना. कुणीही सांगितलं नव्हतं. भालदाराने नाही, कुणीच नाही.

हात आबांचा होता. तसाच दुमडलेला, तसाच खाली. श्यामकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

ते वळले आणि ओट्याच्या पहिल्या पायरीवर, आल्टमानच्या पायांशी त्याच्याकडे पाठ करून बसले. सभेत कुजबुज झाली. भालदार एक पाऊल पुढे आला. आल्टमानने मान हलवून त्याला थांबवलं. बाप आणि मुलगा आता समोरासमोर होते, एक पायरीवर, एक गुडघ्यांवर.

श्यामकांतांनी उजवा बूट चढवला. नाडी पूर्ण सोडली, प्रत्येक भोकातून ओढून घट्ट केली आणि गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मग डावा घेतला. वयाने बोटं लवकर वळत नव्हती. उमराव हात उघडे ठेवून थांबला होता, घोडेवाला लुकास थांबला होता, पाणी भरणारा दातांचा डॉक्टर थांबला होता. श्यामकांतांना घाई नव्हती.

दुसरी गाठ बसल्यावर त्यांनी सिद्धेशच्या खांद्याचा आधार घेतला, उठून पुन्हा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही पाय फरशीवर नीट रोवले.

"आता विचार म्हणावं त्याला," ते म्हणाले.