अक्षतांना मामा हजर

नाशिकरोडला, जेलरोडवर नवनाथ बोडकेचं मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग करणारे गल्लोगल्ली सापडतात. ते कापून-जोडून त्याचा बघण्यासारखा व्हिडिओ करणारे, म्हणजे मिक्सिंगवाले, त्यामानानं थोडे. आणि रुसलेला माणूस व्हिडिओत आणून बसवावा तर नवनाथनंच, हे दिंडोरीपासून सिन्नरपर्यंत सगळा धंदा मान्य करायचा.

आपल्याकडे लग्न म्हटलं की कुणीतरी रुसणारच. कुणाला फेटा उशिरा बांधला जातो, कुणाला पंगतीला हाक मारायची राहते, कुणाचं पत्रिकेत नाव खाली पडतं. रुसणारा माणूस ऐन वेळी तोंड फिरवून निघून जातो आणि पुढे व्हिडिओत आपण दिसत नाही म्हणून पुन्हा एकदा रुसतो. नवनाथ त्याला हळदीतून उचलायचा, पंगतीतून कापायचा आणि स्टेजवर नेऊन असा उभा करायचा, की त्या माणसालाही वाटावं, आपण होतो बुवा. यासाठी तो लग्नाआधीच दोन्हीकडच्या रुसणाऱ्यांची यादी डायरीत लिहून घेई. सोळा वर्षांत यादीतलं एकही नाव त्याच्या हातून सुटलं नव्हतं.

मे महिन्यात दिंडोरीच्या लताबाईंच्या सायलीचं लग्न झालं. यादीत पहिलंच नाव होतं सावळीराममामा, लताबाईंचे थोरले भाऊ, राहणार सिन्नर. मामांनी यादीची लाज राखली. मानाचा फेटा आधी व्याह्यांना बांधला, एवढ्यावरून ते कार्यालयाबाहेर जाऊन जीपमध्ये बसले आणि अक्षता पडल्यावर थेट जेवायलाच आत आले. पुढे दोन्ही तालुक्यांत बोभाटा झाला, की मामा अक्षतांना नव्हता. मामा म्हणायचे, होतो. शब्दानं शब्द वाढला, बहीण-भावाचं बोलणं तुटलं, आणि शेवटी मामांनी निरोप धाडला: भाऊबीजेला येतो, आधी व्हिडिओ दाखवा. अक्षतांना मी दिसलो तर पाटावर बसेन, नाही दिसलो तर उंबऱ्यावरून माघारी.

नसलेला माणूस आपण असल्याचा पुरावा मागत होता. यातली गंमत कुणालाच दिसली नाही, कारण प्रत्येक घरात असा एक मामा असतो.

लताबाई स्वतः जेलरोडला आल्या होत्या. काउंटरवर घरच्या बागेतले बेदाणे ठेवले आणि म्हणाल्या, "नवनाथभाऊ, मला एकच भाऊ हाय. काय बी करा, पण त्याला अक्षतांना उभा करा." गाणी कोणती घ्यायची, सायलीच्या मैत्रिणींचा नाच ठेवायचा का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. नवनाथला असं गिऱ्हाईक फार आवडायचं.

त्यानं तीन महिने जीव ओतला. हळदीतल्या मामांच्या गालांवरची हळद एकेका चित्रातून पुसली. पंगतीत मामांनी पुरणपोळीवरची माशी हाकलली होती, तो हात त्यानं कोपरापासून उचलला आणि त्या हातानं त्यांना नवरीवर अक्षता टाकायला लावल्या. सगळं मिळून चाळीस सेकंदांचं काम; पण त्यासाठी त्याच्या मशीनवर सतरा पट्ट्या एकाखाली एक लागल्या होत्या आणि कोणत्या पट्टीवर काय आहे हे फक्त त्याच्या बोटांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत सुंदर काम होतं. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता, आणि खंडेनवमी आली.

नवनाथचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, पान्यालाही वर्षातून एक दिवस सुट्टी हवी, असं ते म्हणायचे. नवनाथनं ते इमानेइतबारे पाळलं. फक्त त्याचं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर, आणि बंद कॉम्प्युटरची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं, असं त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. म्हणून मशीन चालू, समोर सायलीचं लग्न उघडलेलं, कीबोर्ड-माऊसवर हळदकुंकू आणि पडद्याला झेंडूची माळ.

उदबत्ती फिरवताना त्याला पडद्याच्या कोपऱ्यातली ती खिडकी दिसली. नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता घ्यायची की नंतर? उत्तर न मिळाल्यास आपोआप घेतली जाईल. गेले तीन महिने तो रोज सकाळी चहाआधी 'नंतर' दाबत होता. आजही बोट पुढे गेलं आणि माळेपाशी थांबलं. हत्यार पूजेला बसलं होतं. एक दिवसानं काय होतंय, असं म्हणत त्यानं नमस्कार केला आणि शटर ओढून घेतलं.

दसऱ्याला सोनं वाटून तो दुकानात आला, तेव्हा सीमोल्लंघन झालेलं होतं.

आधीचा पडदा काळा आणि गच्च भरलेला असायचा. चाळीस बारीक बटणं, औषधाच्या दुकानातल्या खणांसारखी. आता सगळं पांढरं आणि मोकळं झालं होतं. बटणं चार. कात्री गेली, तिच्या जागी जादूची कांडी. सतरा पट्ट्या गेल्या, एकच पट्टी राहिली, आणि तिच्यावर सगळे तुकडे एकमेकांना असे चिकटले होते, की एक हलवला की बाकीचे मागोमाग घसरायचे. सावळीराममामा लग्नातून निसटून वरातीच्या घोड्यापाशी जाऊन पडले होते, आणि त्यांचा माशी हाकलणारा हात सप्तपदीत एकटाच हलत होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आम्ही तुमचं काम सोपं केलं आहे.

जुनी आवृत्ती परत टाकावी, तर नव्यात एकदा उघडलेलं काम जुन्यात उघडत नव्हतं. वेगळी प्रत काढून ठेवायला हवी होती, हे सांगायला पुढे बरेच शहाणे येऊन गेले. कंपनीला लिहिलं, तर तासाभरात उत्तर आलं, की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली तारे होते. नवनाथनं पाचांपैकी एक दिला, तोही शून्याची सोय नव्हती म्हणून.

दुःख त्याच्या एकट्याचं नव्हतं. मिक्सिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिमगा सुरू होता. ज्यांनी आपखुशीनं नवी आवृत्ती घेतली होती ते सगळ्यांत जास्त ओरडत होते. ग्रुपचा अध्यक्ष किशोर, त्यानं बैठक बोलावली. एक परदेशी कंपनी, तिनं बदललेली बटणं, यावर काय करायचं हे कुणालाच सुचेना, तेव्हा अशा वेळी आपण जे करतो तेच ठरलं: जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन. बावीस जण घोषणा देत गेले, निवेदनावर पोच घेतली, पायऱ्यांवर फोटो काढले. संध्याकाळी किशोरनं या आंदोलनाचा झकास व्हिडिओ ग्रुपवर टाकला. इतक्या लवकर कसा केला, असं नवनाथनं विचारलं, तेव्हा किशोर जरा घुटमळला आणि म्हणाला, की त्या कांडीनं पाच मिनिटांत होतं रे.

त्या दिवसापासून नवनाथनं कुणाशी बोलणं सोडलं आणि मामांना परत आणायच्या मागे लागला. हाताला सवय जुन्या जागांची; कापायला जावं तर चिकटायचं, पुसायला जावं तर चमकायचं. बोटं सोळा वर्षांचं शिकलेलं विसरेनात आणि नवं काही धरेनात. चिडून तो एकदा उंदरावर, म्हणजे माऊसवर, हात उगारून बसला आणि मग त्याच्यावरचं हळदकुंकू बघून खाली घेतला. चैताली, त्याची बायको, म्हणाली की इतका त्रास तर लग्न लावणाऱ्यांनाही झाला नसेल.

तरी त्यानं करून दाखवलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मामा पुन्हा नवरीच्या मागे उभे राहिले आणि हात पुन्हा खांद्याला लागला. भाऊबीजेच्या सकाळी त्यानं व्हिडिओ बाहेर काढायला लावला. काढताना एक नवी चौकट आली, तिच्यात बरोबरची खूण आधीच केलेली: सर्व कॅमेऱ्यांचं चित्रण घड्याळाप्रमाणे जुळवून उत्तम क्षण निवडा. नवनाथनं ती वाचली नाही. चार बटणं वाचून त्याचे डोळे शिणले होते. पेनड्राइव्ह हातात पडला आणि दिंडोरीहून फोन आला, की मामा येऊन दारात बसलेत, आत यायला तयार नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदाच, बाहेर पडलेला व्हिडिओ न बघता नवनाथ मोटारसायकलवर बसला.

मामा खरोखरच उंबऱ्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसले होते, फेटा बांधून. तिथून टीव्ही दिसेल अशा बेतानं सगळं घर बाजूला सरकलं होतं. आत पाट मांडला होता, ओवाळणीचं ताट तयार होतं, सायली आणि जावई चकली न मोडता हातात धरून होते. लताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नवनाथनं पेनड्राइव्ह लावला.

हळद झाली, वरात झाली, मंगलाष्टकं सुरू झाली. नवनाथ मामांच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण त्याची सगळी कमाई त्या चाळीस सेकंदांत होती. मामांचे डोळे बारीक झाले. मग सायलीच्या हातातली चकली मोडली, म्हणून नवनाथनं मान वळवली.

टीव्हीवर स्टेज नव्हतं. पार्किंग होतं. तिसरा कॅमेरा शूटिंगवाल्यांच्या पोऱ्याकडे, मंगळूकडे होता. सजवलेल्या गाड्या टिपून झाल्यावर मंगळू कॅमेरा चालूच ठेवून सावलीत बसला होता. ते अख्खं कार्ड नवनाथनं 'गाड्या' असं लिहून, न बघता बाजूला टाकलेलं होतं; सकाळच्या त्या न वाचलेल्या चौकटीनं ते घड्याळ जुळवून आत घेतलं होतं. मागे लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं ऐकू येत होती. जीपमध्ये मामा तोंड फिरवून बसले होते. खिडकीपाशी, मे महिन्याच्या उन्हात, नऊवारी शालूतल्या लताबाई उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात घडी न मोडलेला फेटा. त्या काहीतरी बोलत होत्या. मामा बघत नव्हते. पूर्वी मुलीच्या आईनं अक्षता बघू नयेत म्हणत, पण आता कुणी पाळत नाही. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली होती. लाउडस्पीकरवर शेवटचं 'सावधान' झालं. लताबाईंनी फेटा जीपच्या टपावर ठेवला, पदराची गाठ सोडली, चार दाणे हातात घेतले आणि गाड्यांवरून कार्यालयाच्या दिशेनं टाकले. मग फेटा उचलला आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

नवनाथला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यानं रिमोट शोधला, तो जावयाखाली होता.

मामा उठले. चपला न घालता अंगणात गेले, जीपपर्यंत. आता दार वाजणार म्हणून सगळे थांबले. लताबाई म्हणाल्या, जाऊ द्या, जाऊ द्या त्याला. मामा जीपच्या टपावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग आले, उंबरा ओलांडला आणि बहिणीसमोर उभे राहिले.

"लते, मला वाटायचं तू कवाच आत गेलीस, अक्षतांना मी एकलाच नव्हतो," ते म्हणाले. "तू बी नव्हतीस."

"टाकल्या की," लताबाई म्हणाल्या. "तिथूनच टाकल्या."

मामांनी डोक्यावरचा फेटा काढला, तिच्या हातात दिला आणि पाटावर बसले. सायली रडत होती, जावई चकली खात होता. त्याला काय करावं ते कळत नव्हतं. नवनाथही रडला, पण त्याचं कारण त्याला नीट सांगता आलं नसतं.

निघताना मामांनी त्याला बाजूला घेतलं. असं मिक्सिंग जिल्ह्यात कुणाला यायचं नाही, म्हणाले, माणसाचं काळीज बघून केलेलं काम आहे. आता माझ्या धाकट्याच्या लग्नालाही तूच, आणि असंच, जे झालं तेच दाखवायचं. हे यंत्रानं केलं, मी तर तुम्हाला माशी हाकलणाऱ्या हातानं उभं केलं होतं, असं नवनाथच्या अगदी ओठांवर आलं. तो म्हणाला, "तुमचा आशीर्वाद, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आल्यावर त्याला आधी स्वतःचंच काम आठवलं. चाळीस सेकंद, तीन महिने, आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. पुढे कुणी बघणारही नव्हतं. ग्रुपवर दुसऱ्या निवेदनासाठी सह्या मागत होते. कंपनीची खिडकी पुन्हा तारे मागत होती. त्यानं दोन्हीकडे दुर्लक्ष केलं आणि डबा द्यायला आलेल्या चैतालीला खुर्चीत बसवलं. दिंडोरीत काय झालं, हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मशीनवर त्याचं मूळ काम त्या चौकटीआधीचं, जसंच्या तसं होतं; ते लावून फक्त म्हणाला, बघ, हे खरं मिक्सिंग.

मंगलाष्टकं लागली. स्टेजवर नवरा-नवरी, अंतरपाट, मागे सावळीराममामा, गालावर हळदीचा डागसुद्धा नाही. हात वर गेला, अक्षता पडल्या. कुठे जोड दिसत नव्हता. काका होते, आत्या होत्या, यादीतला एकेक जण आपापल्या जागी होता. चैतालीनं शेवटपर्यंत बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा बघितलं. नवनाथ कौतुकाची वाट बघत होता.

"मुलीची आई कुठाय?" तिनं विचारलं.

नवनाथनं पडद्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. तीन महिने रोज त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्यानं डायरी उघडली, रुसणाऱ्यांच्या यादीवरून बोट फिरवलं. तिथं ती असणार कशी.

"पार्किंगमध्ये," तो म्हणाला.